दहा खरबुजांचं गणित

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या शाळेचे मुअल्लिम लालमीर, यांनी उभ्या आयुष्यात एकच पुस्तक शिकवलं. तेही गणिताचं, तेही पहिला भाग. दुसरा भाग आमच्या गावापर्यंत कधी आलाच नाही. त्यामुळे आमच्या शीनकले गावात बेरीज, वजाबाकी आणि थोडा गुणाकार सगळ्यांना येतो, पण भागाकार म्हटलं की मोठमोठे बाप्ये जोडे शोधायला लागतात.

मी त्याच शाळेचा चौकीदार. घंटा वाजवायची, चहा उकळायचा, फळा पुसायचा, शाळेत घुसलेल्या बकऱ्या हाकलायच्या आणि खळ करायची, ही माझी कामं. मुलं मला सैदू मामा म्हणतात. मला लिहिता-वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे म्हणाल, हा कसला शाळेतला माणूस.

आधी आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे कुणालाही जन्मतारीख माहीत नसते. त्यात सरकार बदललं की पंचांग बदलतं. एक येतो तो सूर्याचं वर्ष लावतो, दुसरा येतो तो चंद्राचं, मदतवाले येतात ते आपलंच तिसरं घेऊन येतात. माणूस ओळखपत्र काढायला जातो तेव्हा चाळिशीचा असतो आणि बाहेर पडतो तेव्हा एकोणतीसचा. दाजींनी यावर तोड काढली. ते म्हणाले, "आपलं काहीही बदलो, अमेरिकेचा पादशाह चार नाहीतर आठ वर्षांनी बदलतोच. त्याच्यावर मोजा." पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत त्यांनी त्या पादशाहांची यादी लिहिली आणि त्यावरून सगळ्या गावाची वयं लावून दिली. मी जॉन्सनमधला. माझी बहीण बख्तावरा केनेडीतली, पण ती निक्सन सांगते. तिची मुलं रेगनमध्ये दोन, थोरल्या बुशमध्ये एक आणि क्लिंटनमध्ये तीन झाली.

पुस्तक आमच्या हाती आलं रेगनमध्येच. तेव्हा रशियन गावात होते आणि आम्ही पेशावरजवळच्या छावणीत, तंबूत. दाजी तेव्हा तिशीच्या आतले, नुकतंच लग्न झालेले, अंगात उत्साह मावत नव्हता. शाळा सुरू करतो म्हणाले. कुणीतरी पुस्तकांचं एक बोचकं आणून टाकलं. कागद असा गुळगुळीत की बख्तावरा म्हणाली, यात भाकरी बांधली तर तूप सुटायचं नाही. पुस्तक अमेरिकेत छापलेलं आहे, असं आणणारा अभिमानाने सांगत होता. दाजींनी पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"अहमदकडे दहा गोळ्या होत्या. त्याने चार शत्रूवर झाडल्या. प्रत्येक गोळीने एक शत्रू मेला. तर शत्रू किती मेले आणि गोळ्या किती उरल्या?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "चार मेले, सहा उरल्या."

दाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी दुसरं पान उघडलं. तिथे बॉम्ब होते. तिसऱ्यावर रणगाडे, अर्धे जळलेले, आणि जळायचे किती राहिले ते काढायचं होतं. शेवटच्या पानापर्यंत कुणी ना कुणी मरतच होतं, आणि मुलांनी ते मोजायचं होतं.

"सैदू," ते म्हणाले, "सहा वर्षांची पोरं आहेत रे. या अख्ख्या पुस्तकात एक तरी गणित असं असावं की नाही, ज्यात शेवटी कुणीच मरत नाही?"

मी म्हटलं, "दाजी, फुकटचं पुस्तक आहे. त्यात हेच मिळायचं."

पण ते हट्टाला पेटले. दाजींचं घराणं खरबुजं पिकवणाऱ्यांचं. छावणीत सात वर्षं त्यांच्या तोंडाला खरबूज लागलं नव्हतं, त्यामुळे डोक्यातही तेच. त्यांनी वहीचा कागद कापून बोटाच्या पेराएवढ्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर 'खरबुजं' असं लिहिलं आणि मला सांगितलं, "खळ कर." मी पिठाची खळ केली. पीठ कमी होतं म्हणून त्यात गूळ घातला. गूळ चांगला चिकटतो. ही माझी अक्कल होती आणि तिचं पुढे काय झालं ते सांगतोच.

दाजींनी सगळ्या पुस्तकांतल्या सगळ्या गोळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. आता गोची अशी झाली की चिठ्ठी छोटी होती. तिच्याखाली फक्त गोळ्या झाकल्या गेल्या, पुढचं सगळं जसंच्या तसं राहिलं. दुसऱ्या दिवशी दाजी वर्गात वाचायला लागले: "अहमदकडे दहा खरबुजं होती. त्याने चार शत्रूवर झाडली. प्रत्येक खरबुजाने एक शत्रू मेला."

वर्गातल्या एकाने हात वर केला. "मुअल्लिम साहेब, खरबुजाने माणूस मरतो?"

दाजींनी पुस्तकात पुन्हा एकदा बघितलं. "कच्चं असलं तर मरतो," ते म्हणाले.

झालं. आमच्या गावाच्या तीन पिढ्या यावर वाढल्या. रशियन गेले ते खरबुजांना भिऊन, असं मानणारी चांगली दाढीवाली माणसं मी तुम्हाला आजही दाखवू शकतो.

क्लिंटनमध्ये आम्ही गावी परतलो. दाजींनी दोन खोल्यांची मातीची शाळा उभी केली आणि पुस्तकांचं बोचकं उलगडलं. वाटेत बाकीची पुस्तकं उंदरांनी खाल्ली होती, गुळामुळेच, पण ते मी तेव्हा बोललो नाही. एकच प्रत उरली होती. दाजी तीतून वाचायचे, पोरं पाट्यांवर उतरवायची. तोवर तालिबानचं राज्य आलं होतं. एके दिवशी त्यांचा तपासनीस मुल्ला गाढवावरून आला. जिवंत प्राण्यांची चित्रं हराम म्हणून पुस्तकातल्या चित्रांची सगळी मुंडकी त्याने चाकूने खरवडली, मग गणितं वाचायला लागला आणि थांबला.

"हे काय? खरबुजं झाडली?"

मी चहा ओतत होतो, तो गाढवाच्या खोगिरावर ओतला. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "मुल्ला साहेब, गोळ्या संपल्यावरसुद्धा आपली माणसं हटली नाहीत. हाताला लागेल ते घेऊन लढली. पोरांना हे कळायला नको?"

मुल्लाचे डोळे भरून आले. त्याने दाजींना मिठी मारली आणि जाताना आमच्या वाफ्यातली दोन खरबुजं घेऊन गेला.

मग धाकटा बुश आला, विमानं आली, मुल्ले डोंगरात गेले आणि मदतवाले गाड्यांतून उतरले. नवी पुस्तकं निघाली आहेत असं ऐकलं. त्यांची खोकी आमच्यापर्यंत पोचली, पुस्तकं काही पोचली नाहीत. खोक्यांत बख्तावराच्या कोंबड्या बसल्या. एक मदतवाले साहेब दुभाष्याला घेऊन शाळेत आले, पुस्तक बघून खूश झाले आणि म्हणाले, खरबुजं चांगली आहेत, पण आता निवडणुका येताहेत, लोकांना मतपत्रिका कळल्या पाहिजेत. त्यांनीच छापील चिकटपट्ट्या दिल्या. खळ माझीच. मग पुढची काही वर्षं अहमद शत्रूवर मतपत्रिका झाडत होता. ओबामात दुसरे आले, त्यांचं खातं शेळ्यांचं. मतपत्रिकांवर शेळ्या बसल्या. प्रत्येक शेळीने एक शत्रू मारला. दाजी सगळ्यांना हो म्हणायचे, चहा पाजायचे आणि ते गेले की पुस्तक उघडून हताश बसायचे.

"सगळे माझी खरबुजंच बदलतात रे," ते मला म्हणायचे. "मरायचं कुणीच बदलत नाही."

"मग तुम्ही बदला की. मोठी चिठ्ठी लावा."

"मोठी लावली तर चोरी कळेल."

"आला मोठा चोर," बख्तावरा आतून म्हणायची. "आयुष्यात एक कोंबडी पकडता आली नाही."

ट्रम्पमध्ये करार झाला, बायडनमध्ये विमानं परत गेली आणि डोंगरात गेलेले खाली उतरले. चंद्राचं, आखूड वर्षांचं पंचांग पुन्हा लागलं आणि सगळ्या गावाचं वय एकदम वाढलं. मदतवाल्यांच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. दाजींनी निवांतपणे शेळ्यांवर पुन्हा आपली खरबुजं डकवली. पासष्टी ओलांडली होती, गुडघे गेले होते, पण शाळा सोडायचं नाव नाही. मला म्हणाले, "एक गणित नीट होऊ दे, मग घरी बसतो."

आणि पुढच्याच उन्हाळ्यात नवा तपासनीस यायची वर्दी आली. नाव ऐकून मी घंटेचा दांडा खाली ठेवला. मौलवी जनतगुल. म्हणजे आमचाच जनतगुल, रेगनच्या शेवटाशेवटाला जन्मलेला, आमच्या शाळेतला सगळ्यात हावरट पोरगा. हा वर्गात पुस्तक उचलायच्या मानासाठी भांडायचा. पुढे सोळाव्या वर्षी डोंगरात गेला. आणि तोच आता म्हणे आमचं पुस्तक जप्त करायला, दाजींना काढायला येणार होता. शाळेची किल्लीही नेणार, असं सांगणाऱ्याने सांगितलं.

दाजींनी फक्त धुतलेली पगडी बांधली. मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं घालवली या माणसाने एका पुस्तकावर, आणि त्याचा शेवट जनतगुलच्या हातून व्हावा!

तो आला गाडीतून, चार बंदूकवाले घेऊन. दाढी छातीपर्यंत, आवाज घागरीतून आल्यासारखा. पण दाजी समोर दिसताच उजवा हात आपोआप छातीवर गेला आणि मान खाली गेली. मग आपण कोण आहोत ते आठवून त्याने मान पुन्हा वर केली.

"पुस्तक आणा," तो म्हणाला.

मी आणलं. वर्गात वीसेक मुलं होती, पुढच्या चटईवर लहान मुली. जनतगुलने पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"मुअल्लिम साहेब, इथे खरं काय लिहिलंय?"

"खरबुजं," दाजी म्हणाले.

"मला सांगता? मी लहानपणी रोज ही चिठ्ठी उचकटायचो! सगळेच उचकटायचे. सैदू मामाची खळ गोड लागायची. चाटायची आणि परत लावायची. खाली गोळ्या आहेत हे आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

दाजींनी माझ्याकडे वळून बघितलं. असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. छत्तीस वर्षं झाकलं, आणि मी गूळ घालून पोरांना बोलावून बोलावून उघडायला लावलं.

"पीठ कमी होतं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आता सगळ्यांसमोर दाखवतो," जनतगुल म्हणाला आणि त्याने नखाने चिठ्ठी उचकटली. खाली शेळ्या निघाल्या. तो गोंधळला. शेळ्या उचकटल्या, खाली मतपत्रिका. त्याने बंदूकवाल्यांकडे बघितलं, बंदूकवाल्यांनी छताकडे. मतपत्रिका उचकटल्या तर पुन्हा खरबुजं! आता त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटची चिठ्ठी त्याने अशी ओढली की कागदच फाटला. गोळ्या चिठ्ठीबरोबर गेल्या आणि पानाला आरपार भोक पडलं.

पुढच्या चटईवरची पलवशा, नऊ वर्षांची, तोंडाने फटकळ, मान उंच करून वाचायला लागली. "अहमदकडे दहा... मौलवी साहेब, दहा काय?"

"खरबुजं," जनतगुल म्हणाला.

त्याच्या तोंडून निघून गेलं. लहानपणी बसलेली सवय, जीभ कुणाला विचारते? वर्ग खो खो हसला. एक बंदूकवालाही फिसकन हसला आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

"खरबूज मौलवी," तो हसणारा हळूच पुटपुटला.

जनतगुल लालबुंद झाला. "ऐकलंत? ऐकलंत मुअल्लिम साहेब? हे नाव पडलंय मला! सगळ्या प्रांतात मला याच नावाने ओळखतात, आणि ते तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे?"

"तुमच्याच! ओबामामध्ये आम्ही घाटात दबा धरून बसलो होतो. चाळीस माणसं, तीन दिवस उपाशी. खालून साठ शिपायांच्या गाड्या येणार होत्या. मी थोडा खालच्या कपारीत, दारूगोळ्यापाशी; त्याचा हिशेब माझ्याकडे, कारण मोजता येणारा मीच एकटा. कमांडरने बिनतारीवर विचारलं, 'जनतगुल, किती उरलं?' आणि मी म्हटलं, 'बेचाळीस खरबुजं!'"

आता दाजीसुद्धा तोंडावर पदरासारखी पगडीची शेव घेऊन बसले.

"हसू नका! बिनतारी सगळ्यांकडे होती. उपाशी माणसं! त्यांनी ऐकलं, खाली बेचाळीस खरबुजं आलीत. एकेक करत सगळे आपल्या जागा सोडून चाकू घेऊन खाली उतरले. कमांडर आधी ओरडला, मग तोही उतरला. म्हणाला, माझ्यासाठी एक कापून ठेवा. सगळे माझ्याभोवती गोळा झाले, 'कुठंयत? कुठंयत?' मी म्हणतोय, अरे गोळ्या, गोळ्या! आणि तेवढ्यात खालून साठ शिपायांच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. एक गोळी सुटली नाही. आमचं सगळं वाया गेलं. त्या दिवशी एकसुद्धा माणूस मेला नाही!"

वर्गात सगळे हसत होते. दाजींचं हसू मात्र थांबलं. त्यांनी शेव खाली घेतली.

"काय म्हणालास?"

"म्हणालो, सगळं वाया गेलं."

"त्याच्या नंतरचं."

"एकसुद्धा माणूस मेला नाही."

"एकही नाही? वरचेही नाहीत, खालचेही नाहीत?"

"कसे मरणार? सांगतोय ना!"

दाजी भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी घेऊन धावलो, मला वाटलं झालं आता. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुलला होता, जसा मी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता. मग ते गुडघे धरून उठले, खडू घेतला आणि फळ्याकडे गेले.

"मुलांनो, लिहून घ्या. घाटात चाळीस माणसं होती. खालून साठ आली. खरबूज एकही नव्हतं. शेवटी मेले किती?"

"एकही नाही!" सगळी पोरं ओरडली. पलवशा सगळ्यांत मोठ्याने.

दाजींनी खडू खाली ठेवला, पुस्तक फडक्यात बांधलं आणि स्वतःच्या हाताने जनतगुलला दिलं. किल्लीही दिली. "घेऊन जा बाळा," ते म्हणाले. "माझं शिकवून झालं."

जनतगुलला भांडायचं होतं, त्याची सगळी तयारी वाया गेली. तो तसाच पुस्तक काखेत मारून निघून गेला. घरी बख्तावराने डोक्याला हात लावला. "नोकरी गेली आणि हसताय काय? वेड लागलं का?" दाजी म्हणाले, "अगं, गणित सुटलं." ती म्हणाली, "मग आता गणितच शिजवून घाला," आणि भांडी आपटायला लागली.

शाळेवर नवा शिक्षक आला. बरा आहे, खळ मागत नाही. दाजी आता दिवसभर खरबुजांच्या वाफ्यात असतात. मागच्या हंगामात पहिली काढणी झाली तेव्हा त्यांनी दहा निवडक खरबुजं गोणीत भरली आणि मला म्हणाले, "जनतगुलकडे पोचव. सांग, दहा आहेत. चार वाटून टाक."

मी गोणी पाठीवर घेऊन त्याच्या कचेरीत गेलो. शिव्या देतच गेलो, कारण खरबुजं जड होती आणि तो माणूस मला आवडत नाही. निरोप सांगितला. जनतगुलने खोलीतले बंदूकवाले बाहेर पाठवले आणि दाराशी गोणीतून चार खरबुजं काढून त्यांच्या हातात दिली. मग उरलेल्यांकडे बघून स्वतःशीच म्हणाला, "सहा." म्हणताना त्याचा आवाज अगदी शाळेतल्यासारखा झाला होता.

मी मागे फिरणार तेवढ्यात त्याच्या मेजावर आमचं पुस्तक दिसलं. उघडंच होतं, पहिलं पान. मुंडकी नसलेली चित्रं मी लांबूनही ओळखतो. पानावरच्या भोकावर नवी चिठ्ठी डकवलेली होती. मी सांगितलंच आहे, मला वाचता येत नाही. पण एक शब्द छत्तीस वर्षं माझ्याच खळीने डकवलाय, तो मी कुठेही ओळखीन.

"काय बघतोस, सैदू मामा?" जनतगुल खेकसला आणि त्याने पुस्तक मिटलं.

"काही नाही," मी म्हटलं. "खळ पातळ झालीय तुझी. गूळ घाल थोडा."